अमेरिकेतली गुलामी आणि जोतीरावांची ‘गुलामगिरी’

विहारात तथागतांच्या मूर्तीजवळ बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्या बाजूला पागोटे घातलेले जोतीराव फुले असतात. अकरा एप्रिलला आपण त्यांना हार घालतो, लगेच चौदा एप्रिलची धामधूम सुरू होते आणि जोतीराव मागे राहतात. वस्तीतल्या पोरांना विचारा, मुलींची शाळा काढली आणि पाण्याचा हौद खुला केला एवढे ती पटकन सांगतील. ते खरेच आहे. पण याच माणसाने १८७३ साली एक पुस्तक लिहिले, त्याला ‘गुलामगिरी’ असे नाव दिले आणि ते अर्पण केले कुणाला? कुठल्या राजाला नाही, कुठल्या देवाला नाही. काळ्या गुलामांना मोकळे करण्यासाठी ज्यांनी आपला जीव आणि पैसा खर्ची घातला, त्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना! पुण्यातल्या माळ्याच्या पोराचा आणि सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेचा काय संबंध? हे कळायचे असेल तर जोतीरावांचे आयुष्य आणि अमेरिकेतले ते भांडण शेजारी शेजारी ठेवून बघावे लागते. दोन्ही एकाच काळात घडत होती.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, पुण्याचा. पेशवाई बुडून नऊच वर्षे झाली होती. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुढे पुण्यात पेशव्यांना फुले पुरवण्याचा धंदा केला म्हणून फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी पोराला वाढवले. वडील गोविंदराव यांनी शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या पोराने शिकून काय करायचे असे दुकानावरच्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवले आणि पोराच्या हातात खुरपे आले. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत काढली नसती तर जोतीराव मळ्यातच राहिले असते. १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या. लग्न त्याआधीच, १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी झाले होते.

त्या काळात आपल्याकडे गुलाम नव्हते असे समजू नका. पेशवाईत पुण्यात कुणबिणी विकत घेतल्या आणि विकल्या जात. १८४३ साली कंपनी सरकारने कायदा करून कोर्टाच्या दृष्टीने गुलामीची मालकी रद्द केली. कागदावर प्रश्न मिटला. पण ज्याला कुणी बाजारात विकत नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवतात, ज्याने कुठे बसायचे, कुठले पाणी प्यायचे, पोराला शिकवायचे की नाही हे दुसराच ठरवतो, त्याला काय म्हणायचे? त्या कायद्यात याचे उत्तर नव्हते. ते शोधण्यात जोतीरावांचे आयुष्य गेले.

आता तिकडे अमेरिकेत काय चालले होते ते थोडक्यात सांगतो. १६१९ पासून तिथे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे विकली जात होती. पुढे तेरा वसाहती इंग्रजांपासून स्वतंत्र झाल्या. सगळी माणसे समान असे त्यांनी जाहीर केले आणि गुलाम मात्र तसेच ठेवले. १७८७ सालच्या राज्यघटनेत दक्षिणेकडच्या राज्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधी देताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशोब धरला. मत गुलामाला नाही, पण त्याच्या मुंडक्यावर मालकाची ताकद वाढणार! १७९३ साली सरकी वेगळी करण्याचे यंत्र निघाले. आपल्याकडे जिनिंगचे कारखाने पाहिलेल्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. एका यंत्रावर मणामणाने कापूस साफ होऊ लागला, मग तो पेरायला आणि वेचायला हात हवेत, म्हणून गुलामही वाढले. उत्तरेकडच्या राज्यांत हळूहळू गुलामी बंद होत गेली, दक्षिणेत ती घट्ट होत गेली. १८६० साली दक्षिणेत सुमारे ४० लाख गुलाम होते.

देश पश्चिमेकडे पसरत होता. नवीन राज्य आले की भांडण ठरलेले, हे राज्य गुलामीचे की बिनगुलामीचे? १८२० साली तडजोड झाली. मिसुरी गुलामीचे राज्य, मेन मोकळे राज्य, आणि पुढच्या मुलुखासाठी नकाशावर एक आडवी रेघ मारली. रेघ मारून तीस-चाळीस वर्षे भांडण ढकलता आले, पण मिटले नाही.

इकडे पुण्यात १८४७ साली जोतीरावांचे शिक्षण संपले. त्याच सुमारास त्यांनी टॉमस पेन या लेखकाचे माणसाच्या हक्कांविषयीचे पुस्तक वाचले. पेन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजवलेला माणूस. पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत, शूद्र असून आमच्या बरोबरीने चालतोस म्हणून जोतीरावांचा अपमान झाला. हा प्रसंग आपल्याला पाठ आहे, प्रत्येक भाषणात येतो. पण माझ्या मते त्यापेक्षा मोठा प्रसंग अहमदनगरचा. तिथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार नावाच्या बाई मुलींच्या शाळा चालवत. जोतीराव आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर नगरला गेले, ती शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. अपमान पुष्कळांचा होतो. अपमान गिळून घरी येऊन बायकोच्या हातात पाटी देणारा माणूस विरळा.

त्यानंतरची कहाणी तुम्हांला ठाऊक आहे. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की अंगावर शेण, चिखल, दगड पडायचे. १८४९ साली गोविंदरावांनी लोकांच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. शाळा थांबली नाही. १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात, मग रास्ता पेठेत, आणि १८५२ साली अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाली. त्या वर्षी नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांना शालजोडी दिली. १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचेच पत्र. मुक्ता तेव्हा शाळेत शिकणारी पोरच होती.

नेमकी हीच वर्षे अमेरिकेत आग लागण्याची. १८५० साली एक कायदा झाला, पळून गेलेल्या गुलामाला परत धरून देण्याचा. उत्तरेच्या मोकळ्या राज्यात पोहोचलेला माणूससुद्धा आता सुरक्षित राहिला नाही. त्याला मदत करील त्याला दंड आणि तुरुंग. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे. आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला फी किती? माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर दहा डॉलर, मोकळा सोडला तर पाच! न्याय कुठल्या बाजूला झुकणार हे कायद्यातच लिहून ठेवले होते. तोवर उत्तरेतले पुष्कळ लोक, दक्षिणेचे दक्षिण बघून घेईल, आपल्याला काय त्याचे, असे म्हणत. या कायद्याने गुलामी त्यांच्या दारात आणून उभी केली. १८५२ साली हॅरिएट बीचर स्टोव या बाईंचे ‘अंकल टॉम्स केबिन’ आले आणि पहिल्याच वर्षी तिकडे तीन लाख प्रती खपल्या.

१८५४ साली नकाशावरची ती जुनी रेघ पुसली. कॅन्सस आणि नेब्रास्का या मुलुखांत तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी मते देऊन गुलामीचा निर्णय करावा असे ठरले. मग काय, दोन्हीकडची माणसे बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये वस्तीला गेली आणि रक्त सांडू लागले. १८५६ साली गुलामीविरुद्ध भाषण केले म्हणून सम्नर नावाच्या सिनेटरला दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने भर सभागृहात काठीने बेशुद्ध होईतो मारले. पुण्यातही त्याच वर्षी जोतीरावांना मारायला रात्री दोन मारेकरी घरात शिरले होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यातला धोंडीराम कुंभार पुढे त्यांच्याकडेच शिकून त्यांचा सहकारी झाला.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्याचा निकाल लागला. मोकळ्या मुलुखात राहिलो, सबब मी मोकळा, एवढेच त्याचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आफ्रिकी वंशाचा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, आणि नव्या मुलुखांत गुलामी बंद करण्याचा अधिकार संसदेलाही नाही. तडजोडीचे दार कोर्टानेच लावून घेतले. १८५९ साली जॉन ब्राऊन या गोऱ्या माणसाने गुलामांना शस्त्रे द्यायची म्हणून सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. तो पकडला गेला आणि २ डिसेंबरला फासावर चढला. उत्तरेने त्याला हुतात्मा म्हटले, दक्षिणेने दरोडेखोर. एकाच माणसाकडे बघण्याचे एका देशात असे दोन डोळे झाले की लढाई दूर राहत नाही. १८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन निवडून आले. गुलामी आहे तिथून ताबडतोब उपटून टाकू असे त्यांनी म्हटलेलेही नव्हते, नव्या मुलुखात पसरू देणार नाही इतकेच म्हटले होते. तेवढेही मालकांना सोसले नाही. २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना फुटून निघाले, मागोमाग आणखी राज्ये. १२ एप्रिल १८६१ ला तोफ उडाली. एकूण अकरा राज्ये एका बाजूला गेली आणि चार वर्षे भाऊ भावाला मारत राहिला. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले.

ही लढाई दूरची होती असे म्हणू नका. ती आपल्या माढ्यापर्यंत आली होती! विलायतेच्या गिरण्यांना बहुतेक कापूस अमेरिकेतून जायचा. लढाईत दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. आपल्याकडे रेल्वे नुकतीच आली होती. १८५९ मध्ये ती बार्शी रोडला, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीला पोहोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला. कापसाचा भाव कितीतरी पटीने चढला. मुंबईत शेअरचा जुगार रंगला, इकडे शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे तो पैसा खुळखुळला आणि त्या भरवशावर सावकाराने त्याला कर्जही सढळ हाताने दिले. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळला आणि मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याकडे उरले फक्त कर्ज, त्यात सरकारने शेतसारा वाढवलेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. मग सरकार जागे झाले आणि १८७९ साली पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी खास कायदा आला. तिकडे गुलाम सुटला, आणि त्याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाला इकडचा कुणबी अडकला.

लढाईच्या काळात जोतीराव स्वस्थ नव्हते. लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ ला बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले, त्याच १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथे जन्मलेल्या यशवंताला पुढे या जोडप्याने दत्तक घेतले. १८६५ च्या एप्रिलात लिंकन यांना गोळी घातली गेली, आणि त्या वर्षाअखेर अमेरिकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामी कायमची बंद झाली. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एवढ्या मोठ्या लढाईपुढे एका हौदाचे काय, असे कुणी म्हणेल. ज्यांच्या आज्या-पणज्या कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून घागर घेऊन ताटकळत बसल्या, त्यांना विचारा.

आणि मग १८७३ चे ते पुस्तक. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात अशी त्याची मांडणी आहे, सोळा भागांची. साध्या रोखठोक बोलीत. अवतारांच्या कथा एकेक करून सोलल्या आहेत. वामनाने बळीला पाताळात घातले ही कथा आम्ही पुण्यकथा म्हणून ऐकत आलो, जोतीराव तीच कथा बळीच्या बाजूने सांगतात, आणि बायाबापड्या दिवाळीला ओवाळताना बळीचे राज्य यावे असे का म्हणतात ते दाखवून देतात. प्रस्तावनेत अमेरिकेच्या गुलामांची आठवण येते. जोतीरावांचे म्हणणे असे की त्या गुलामांनी जे सोसले त्यापेक्षा इथल्या शूद्रातिशूद्रांनी तिळभरही कमी सोसले नाही, फरक कसे गुलाम केले एवढ्यातच. आणि गुलामीचे दुःख काय असते ते सोसणाऱ्यालाच कळते, बघणाऱ्याला नाही. अर्पणपत्रिकेत त्यांनी अशी इच्छा धरली की आपल्या देशबांधवांनीही अमेरिकेतल्या भल्या लोकांचा कित्ता गिरवावा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत गोऱ्यांनी दया केली आणि काळे सुटले, अशी समजूत आपल्यातही आहे. ती अर्धीच खरी. फ्रेडरिक डग्लस हा १८३८ साली पळालेला गुलाम, तो पुढे देशभर भाषणे करत फिरला, वर्तमानपत्र काढले. उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई लढले. जोतीरावांनी आभार मानले ते भल्या गोऱ्यांचे, पण स्वतः काम केले ते डग्लससारखे. पुस्तक निघाल्यावर चारच महिन्यांत, २४ सप्टेंबर १८७३ ला त्यांनी सत्यशोधक समाज काढला. भटजीवाचून लग्ने लावा, मधला दलाल नको, पोरांना शिकवा. भल्या लोकांची वाट बघत ते बसले नाहीत.

इंग्रज सरकारवर मात्र त्यांनी जरा जास्तच भरवसा टाकला होता, असे मला वाटते. पण अनुभवाने तोही ढळत गेलेला दिसतो. १८७६-७७ चा दुष्काळ आला. आपल्या सोलापूर जिल्ह्याची त्यात वाताहत झाली. आष्टीचा तलाव त्याच दुष्काळी कामांतला. जोतीरावांनी धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालवले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले की शेतकऱ्याच्या घामाच्या साऱ्यातून वरच्यांची शिक्षणे होतात आणि शेतकऱ्याच्या पोराला प्राथमिक शाळाही मिळत नाही. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोरे अधिकारी ऐषआरामात आणि काळे कारकून लाच खाण्यात गुंतलेले असे चित्र आहे. १८८८ च्या मार्चमध्ये राणीच्या मुलाच्या मेजवानीला ते मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले, म्हणजे खरी प्रजा कशी असते ते पाहुण्यांना दिसावे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत कामगार-शेतकऱ्यांच्या सभेत त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली.

आपल्या लोकांच्या वाट्याची गुलामगिरी त्यांच्या हयातीत संपली नाही. महारकी वतन, म्हणजे रात्रंदिवस येसकरी, मेलेली गुरे ओढणे, सरकारी टपाल घेऊन पायपीट, आणि मोबदला म्हणून तुकडाभर जमीन आणि दारोदारची भाकर. हे वतन मोडायचे बिल बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले, कायदा व्हायला १९५८ उजाडले. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेतच शिकायला गेले होते, तिथल्या काळ्यांचा इतिहास त्यांनी चांगलाच अभ्यासला. त्यांनी पुढे लिहिले की गुलाम ही मालकाची मिळकत, म्हणून त्याच्या पोटापाण्याची काळजी मालकाला घ्यावी लागे. अस्पृश्याची तेवढीही जबाबदारी कुणावर नव्हती. जोतीरावांनी काढलेली तुलना बाबासाहेबांनी अशी शेवटपर्यंत नेली. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना त्यांनी गुरू मानले आणि १९४६ साली शूद्र मूळचे कोण याविषयीचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला.

१८८८ च्या जुलैमध्ये जोतीरावांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहायचे धरले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे शेवटचे पुस्तक पुरे केले. ते छापून आले १८९१ साली, त्यांच्या पश्चात. २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात त्यांचे निधन झाले. दत्तक मुलाने टिटवे धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हातात घेऊन प्रेतापुढे चालल्या. सात वर्षांनी प्लेगची साथ आली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात नेले. त्यातच त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

जोतीरावांचे सगळे लिखाण राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली एका ग्रंथात आणले. जाडजूड आहे म्हणून कुणी हात लावत नाही. वर्षावासात आपण बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतोच. त्यानंतरच्या रविवारी विहारात ‘गुलामगिरी’ घ्यायला हरकत नाही. एकाने धोंडीबा व्हावे, एकाने जोतीराव. रोज एक भाग धरला तर सोळा बैठकांत पुस्तक संपते.